ही प्रत अस्सल नाही

११ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र हाताने लिहिते आहे. का, ते ऐकलंस तर तुझंही डोकं फिरेल. माझा नवा कॉम्प्युटर मला चोर म्हणतो!

फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस, मी आवाज चढवते, आणि शेवटी काय ठरलं ते दोघांच्याही लक्षात राहत नाही. पत्रात तुला मधेच "ठेवतो ताई, गिऱ्हाईक आलंय" म्हणता येत नाही. तेव्हा वाच.

सोमवारी सकाळी खोली उघडली, बटण दाबलं, तर नेहमीच्या चित्राच्या जागी काळाठिक्कर पडदा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं : 'ही प्रत अस्सल नाही. तुम्ही सॉफ्टवेअरच्या चोरीला बळी पडला असाल.' असाल म्हणे! म्हणजे बळी नसाल तर मग कोण, ते आपलं आपण समजायचं. पाच आठवड्यांपूर्वी दुकानातून बिल घेऊन आणलेलं यंत्र. बिलावर स्वच्छ लिहिलंय, 'ऑपरेटिंग सिस्टिमसह'. सव्वीस वर्षं मी कचेरीच्या जिन्याखालच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज लिहिते आहे. कुणी कितीही गळ घातली तरी अर्जात खोटी ओळ घातली नाही. आणि माझ्याच टेबलावर बसून, माझीच वीज खाऊन हा डबा मला अस्सल-नकली शिकवणार?

बरं, काळा पडदा सोसला असता. पण हा दर तासाला आपोआप बंद पडतो. काल एक गृहस्थ आले होते. त्यांची बायको गेल्या महिन्यात गेली आणि दाखल्यावर तिचं नाव चुकीचं पडलं. त्यांना धड बोलवत नव्हतं. एक वाक्य सांगायचे, थांबायचे, खिडकीच्या गजांकडे बघत बसायचे. अशा माणसाला मधेच "जरा थांबा हं, सेव्ह करते" म्हणायची मला लाज वाटली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आलो आणि पडदा गेला. सगळं गेलं. तर ते उठून उभे राहिले आणि मलाच म्हणाले, "माझा कुठे हात लागला का हो?"

खटपट्या, मला इतका संताप आला की मी त्या माणसासमोर कॉम्प्युटरला एक धपाटा घातला.

मग कस्टमर केअरला फोन. आधी एक यंत्रातली बाई. तिने मला लांबच्या लांब नंबर वाचायला लावला, दोनदा. मग एक खरा माणूस आला. तो म्हणाला, "मॅडम, हा लायसन्सचा नंबर एका मोठ्या संस्थेला घाऊक दिलेला आहे. तुमच्या दुकानदाराने तो तुमच्या यंत्रात घातला. आता आम्ही तो बंद केलाय." मी म्हटलं, मग दुकानदाराचं दुकान बंद करा, माझी खोली का बंद करता? तर म्हणाला, "विक्रेत्याशी संपर्क साधा."

साधला. दुकानदार गालातल्या गालात हसत म्हणाला, "एवढंच ना ताई? आणून ठेवा. दुसरा नंबर टाकून देतो, फुकट." मी विचारलं, "हा दुसरा कुणाचा?" तर म्हणतो, "अहो, सगळेच असं करतात."

मला ताई म्हणायचा हक्क जगात एकालाच आहे आणि तो हे असलं करत नाही. वीस वर्षं तू या धंद्यात आहेस. आता सांग, या माणसाला कसा धरायचा?

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सा. नमस्कार.

पत्र वाचलं. तुझा संताप कळला, अक्षरावरूनच कळला. दोन ठिकाणी कागद फाटलाय.

पण खरं सांगू का, हे प्रकरण एवढं वाढवण्यासारखं नाही. दुकानदार चांगला माणूस नसेल, पण त्याच्याशी भांडून तुझे दिवस जातील, गिऱ्हाईक जाईल, आणि हातात काय येईल? सोबत एक पेन ड्राइव्ह पाठवतोय. त्यात एकच छोटा प्रोग्राम आहे. भाऊजींना सांग, लावून दोनदा क्लिक करायचं, बस. दर तासाला बंद पडणं थांबेल, काळा पडदाही जाईल. दोन मिनिटांचं काम. पुढच्या वेळी मात्र कॉम्प्युटर मला विचारून घे.

जास्त लिहीत नाही. सध्या इथल्या दवाखान्याचं काम मागे लागलंय. तिथल्या लॅबमधल्या बाईंनी रिपोर्टांचा काहीतरी घोळ घातला. यंत्रं मी बसवलेली, म्हणून मला बोलावून तपासून घेतली आणि तसं लिहून घेतलं. त्यात आठवडा गेला.

भाऊजींना नमस्कार. पाठ दुखते का अजून त्यांची?

तुझा,
खटपट्या


२४ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद.

पेन ड्राइव्ह परत पाठवते आहे. रागावू नकोस. लावायला यांनी हातात घेतला होता, मीच विचारलं, "यातून आपल्याला लायसन्स मिळेल का?" ते म्हणाले, "नाही, हा फक्त त्याला गप्प बसवेल." मग नको. त्याच्या तोंडाला पट्टी लावून खोट्याचं खरं होत नाही. आणि मग तर तो म्हणतो ते खरंच होईल की!

तू मायेपोटी पाठवलास, हे मला कळतं. लहानपणापासून तुझा स्वभावच पडतं घ्यायचा. गोट्या दुसऱ्याने ढापल्या तरी तू म्हणायचास, असू दे, माझ्याकडे अजून दोन आहेत. भांडायला मला जावं लागायचं. आताही मीच जाते.

ग्राहक तक्रार केंद्रात अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारलं, "कुणाकडून लिहून घेतला?" मी म्हटलं, "जिच्याकडून सगळं गाव लिहून घेतं तिच्याकडून." दोन एप्रिलला सुनावणी आहे.

आता तुझं काम. मला तुझं एक पत्र हवंय. तू या धंद्यातला जाणकार म्हणून लिहून दे की असा दुसऱ्याचा नंबर घालणं ही फसवणूक आहे आणि प्रामाणिक विक्रेता असं करत नाही. एक पान पुरे. आलास तर उत्तमच, चार दिवस राहशील.

आणि त्या लॅबवाल्या बाईंनी घोळ घातला म्हणतोस, ते नीट बघितलंस ना रे? आजकाल माझा सगळा संशय यंत्रावर.

तुझी,
ताई


६ मार्च

प्रिय ताई,

सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. इकडे सासूबाई आजारी, हिची धावपळ, शिवाय दुकानात मी एकटा. दोन एप्रिलला येणं जमेल असं वाटत नाही.

पत्राचंही जरा अवघड आहे. आमचा धंदा लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. मी एका दुकानदाराविरुद्ध लिहून दिलं की उद्या मला सुटे भाग कोण देणार? शिवाय मी तुझा सख्खा भाऊ, माझ्या शब्दाला तिथे काय वजन? एखादा परका जाणकार बघ.

लॅबवाल्या बाईंचं तू मनावर घेऊ नकोस. बाई बऱ्या आहेत, पण कामात घाई फार. एकदम खूप खिडक्या उघडून ठेवतात, सेव्ह करत नाहीत. एका माणसाचं रक्त परत घ्यावं लागलं, एवढंच. बाईंना सध्या कामावर यायला मनाई केली आहे, चौकशी संपेपर्यंत. मी काही बाईंच्या वाइटावर नाही. मला विचारलं, मी लिहून दिलं. यंत्राचं काम यंत्रापुरतं असतं.

तू तब्येत सांभाळ. रक्तदाब तपासलास का?

तुझा,
खटपट्या


१२ मार्च

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद.

सासूबाई आजारी आहेत आणि तू मला एका ओळीत सांगतोस? काय झालंय ते सविस्तर कळव. तुझ्या पत्रात काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. तब्येतीचं काही लपवत असशील तर मी गाडी पकडून येईन, सांगून ठेवते.

येऊ नकोस, चालेल. पत्रही नको. मी दुसरा मार्ग काढलाय, तो पुढे लिहिते.

आधी परवाची हकिकत ऐक. दुकानदार स्वतः माझ्या खोलीवर आला. बाहेर चार माणसं थांबलेली, तरी आत येऊन खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "अर्ज मागे घ्या, कॉम्प्युटर नवा बदलून देतो." मी म्हटलं, "त्यात लायसन्स कुणाचं?" तर चिडला. म्हणाला, "तुम्हाला वाटतं तेवढे साधू या धंद्यात कुणी नाहीत. तुमचा भाऊही याच धंद्यात आहे ना? विचारा त्याला." मला हसूच आलं. मी सगळ्यांच्या समोर म्हटलं, "विचारलं की! आणि तुमच्यासारखा असता तर मी त्याला दारात उभा केला नसता." बाहेरच्या एक आजीबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "बरं केलंत!" गेला पाय आपटत.

तर आता मार्ग. तुझं पत्र नाही म्हणून मीच अर्जाला पुरवणी जोडली आहे. नक्कल पाठवते. मुद्दा सात वाच :

'सगळेच विक्रेते असे करतात, हा प्रतिपक्षाचा बचाव खोटा आहे. अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ गेली वीस वर्षे याच व्यवसायात असून त्याने एकाही ग्राहकाच्या यंत्रात दुसऱ्याचे लायसन्स घातलेले नाही. प्रामाणिकपणे हा व्यवसाय करता येतो, याचा अर्जदाराने स्वतःच्या घरात पुरावा पाहिलेला आहे.'

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, हसू नकोस. सव्वीस वर्षांत मी हजारो अर्ज लिहिले. स्वतःच्या माणसाबद्दल असं वाक्य लिहायची ही पहिलीच वेळ.

वीस तारखेला पुरवणी दाखल करते.

तुझी,
ताई


१६ मार्च

ताई,

मुद्दा सात काढ. पुरवणी दाखल करायच्या आधी काढ. हे पत्र मी जलद टपालाने पाठवतोय.

तो खोटा आहे.

सासूबाई ठणठणीत आहेत. मीही आहे. मला सुचेल तसं लिहितो, तू पुरतं वाच.

दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात अकरा कॉम्प्युटर बसवले. बिलात अकरा लायसन्सं लावली. प्रत्यक्षात अकराही यंत्रांत एकच नंबर घातला. तोही माझा नव्हता. एका कारखान्यात दुरुस्तीला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या कागदांवरून उतरवून घेतलेला. हे पहिल्यांदा केलं असंही नाही. तुझा दुकानदार जे म्हणाला, ते मी स्वतःला आठ-दहा वर्षं सांगत आलोय, की सगळेच असं करतात.

जानेवारीत कंपनीने तो नंबर बंद केला. काळे पडदे आले. मी तुला पाठवला तोच प्रोग्राम सगळीकडे टाकला. दहा ठिकाणी चालला. लॅबच्या यंत्रावर चालेना, ते परत परत दर तासाला बंद पडायला लागलं. बाईंनी मला तीनदा फोन केला. मी दर वेळी म्हणालो, तुम्ही एकदम फार खिडक्या उघडता. ते मी त्यांना म्हणालेलं वाक्य, ताई. तेच मग तुला लिहिलं.

बाई नव्या रोग्याचा रिपोर्ट करताना आधीच्याचा फॉर्म उघडून त्यात नाव आणि आकडे बदलतात. तिथे सगळे तसंच करतात. एका सकाळी त्यांनी नाव बदलून सेव्ह केलं, आकडे बदलणार तेवढ्यात यंत्र गेलं. परत आलं तेव्हा फॉर्मवर नाव एका गवंड्याचं आणि आकडे दुसऱ्याच कुणाचे. बाहेर तीस माणसांची रांग. बाईंना वाटलं, हा झाला. छापून दिला. त्या आकड्यांवर डॉक्टरांनी गवंड्याच्या औषधाची मात्रा वाढवली. चौथ्या दिवशी तो चक्कर येऊन शिडीवरून पडला. मनगट मोडलं. उजवं.

'एका माणसाचं रक्त परत घ्यावं लागलं, एवढंच' असं मी तुला लिहिलं होतं.

चौकशीत डॉक्टरांनी मला बोलावलं. यंत्र का बंद पडतं हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. मी दोन ओळी लिहून दिल्या. 'यंत्रात कोणताही दोष नाही. वापरणाऱ्याची चूक.' खाली सही, दुकानाचा शिक्का. बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "हो, माझीच चूक झाली असेल."

तुझ्या अर्जातलं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा हिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं.

काढ ते.

खटपट्या


२१ मार्च

मुद्दा सात काढला. कारकुनासमोर उभी राहून लाल शाईने काट मारली आणि शेजारी सही केली. त्याने विचारलं, "चुकीचा होता का?" मी म्हटलं, "हो, माझी माहिती चुकीची होती."

भरल्या खोलीत मी त्या दुकानदाराला काय सुनावलं! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तुझ्यापायी मी त्या म्हणीत जाऊन बसले.

पण माझं राहू दे. दुकानदाराने लायसन्स चोरलं. तू त्या बाईंचा शब्द चोरलास. त्यांचा स्वतःवर विश्वास होता तो काढून घेतलास, आणि त्या बाईंनी तो मुकाट्याने देऊन टाकला. तो दुकानदार तुझ्यापुढे पोर आहे.

मला क्षमा मागू नकोस, मी कुणी नाही. दवाखान्यात जा. जाईपर्यंत मला पत्र लिहायचं नाही, फोनही नाही.

ताई


५ एप्रिल

ती. ताईस,

सा. नमस्कार.

गेलो. म्हणून लिहितोय.

आधी अकरा खरी लायसन्सं विकत घेतली. स्कूटर विकली, चालत जातो. रविवारी दवाखाना बंद असताना सगळी यंत्रं उघडून एकेक नंबर घातला. मग सोमवारी डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलं.

 डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं. म्हणाले, "आता यंत्रं चालतात ना? मग कशाला उकरून काढता? त्या बिलावर सही माझी आहे." मी म्हटलं, बाईंचं काय? तर म्हणाले, "त्यांना दोन महिन्यांनी दुसऱ्या विभागात घेऊ. त्यांनाही प्रकरण मिटलेलं हवंय."

ताई, खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. वाटलं, झालं, आपण सांगून मोकळे झालो. जिना उतरून खाली आलो. औषधं देतात त्या खिडकीपाशी रांगेत बाई उभ्या होत्या, स्वतःच्या आईसाठी. मला बघून त्यांनीच मान खाली घातली.

परत वर गेलो. डॉक्टरांना म्हणालो, मी लेखी देणार आणि सगळ्यांसमोर वाचणार. ते म्हणाले, तुमची मर्जी, पण मग तुमचं इथलं काम संपलं. मी हो म्हणालो.

मजकूर लिहिलाय. मला असं लिहायची सवय नाही. रागावलेली असलीस तरी एकदा डोळ्यांखालून घाल :

'काही तांत्रिक कारणांमुळे सदर यंत्रांच्या लायसन्सबाबत त्रुटी राहून गेली होती. अनवधानाने दिल्या गेलेल्या अहवालामुळे संबंधित कर्मचाऱ्यांबाबत गैरसमज निर्माण झाला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.'

तुझा,
खटपट्या


१० एप्रिल

खटपट्या,

मला अजून तुझं तोंड बघायची इच्छा नाही. पण अर्ज लिहून देणं हा माझा धंदा आहे, आणि आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवत नाही. म्हणून बसले.

तुझा मजकूर म्हणजे पुन्हा तोच पेन ड्राइव्ह. 'त्रुटी राहून गेली' म्हणजे काय? पाहुणा मुक्कामाला राहून जातो तशी? तिला कुणी ठेवलं? 'अनवधानाने' तर अजिबात नाही, तुझं पुरतं अवधान होतं. 'दिल्या गेलेल्या' अहवालाला सही कुणाची? 'गैरसमज निर्माण झाला.' गैरसमज रानात उगवत नाही रे, तू लावलास. आणि मोडलेल्या उजव्या मनगटाला 'गैरसोय' म्हणणारा माणूस माझा भाऊ नाही. 'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे', कोण करतंय, कचेरीचा शिपाई?

आपल्या भाषेत 'झालं' हा फार सोयीचा शब्द आहे. सव्वीस वर्षं तो मी लोकांच्या अर्जांत बघते आहे. झालं, पडलं, राहून गेलं. जिथे जिथे झालं लिहिलंस तिथे केलं लिही. असं :

'या दवाखान्यातल्या अकरा कॉम्प्युटरांवर मी चोरलेलं लायसन्स घातलं आणि अकरांचे पैसे घेतले. त्यामुळे लॅबचा कॉम्प्युटर दर तासाला बंद पडत होता. लॅबच्या बाईंनी मला हे तीनदा सांगितलं. कारण मला माहीत होतं. तरीही यंत्रात दोष नाही, चूक त्यांची आहे, असं मी लिहून दिलं. ते मी खोटं लिहिलं.'

माफी मागणारं वाक्य घातलेलं नाही. ती मागायची तर तोंडाने माग. कागदावर नुसतं जे घडवलंस तेवढं.

माझ्या सुनावणीचं विचारलं नाहीस, तरी सांगते. दुकानदार एका वकिलाला घेऊन आला होता. बचाव तोच, की सगळेच करतात, या बाई एकट्या आम्हालाच धरून बसल्या आहेत. अधिकारी बाईंनी चष्मा काढून मला विचारलं, "सगळेच करतात, यावर तुमचं काय म्हणणं?" मुद्दा सात असता तर मी तो वाचला असता. नव्हता. त्या जागी फक्त लाल काट होती. मग म्हणाले, "बाईसाहेब, सगळे करत असतील. माझा सख्खा भाऊ करत होता. पण त्याच्या यंत्राने एका बाईंची नोकरी घालवली आणि एका माणसाचा हात मोडला. सगळेच करतात म्हणून तो हात जुळत नाही."

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, मी घाबरून गप्प बसेन. निकाल लागला : आठ दिवसांत खरं लायसन्स, आणि यापुढे त्याच्या प्रत्येक बिलावर लायसन्सचा नंबर. काल तो स्वतः बसवून गेला.  या वेळी ताई म्हणाला नाही.

यंत्र आता बंद पडत नाही. ज्यांचा अर्ज गेला होता त्या गृहस्थांना निरोप पाठवून बोलावलं आणि पहिल्यापासून परत लिहिला.

वाचलास की कळव.

ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,

सा. नमस्कार.

वाचलं. आज सकाळी, वर औषधांचा साठा ठेवतात त्या खोलीत. नर्स, कारकून, झाडणाऱ्या मावशी, सगळे होते. डॉक्टर दाराशी उभे होते. बाईंना निरोप मीच घरी जाऊन दिला होता. त्या आल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तू लिहिलंस तसंच्या तसं वाचलं. 'ते मी खोटं लिहिलं' हे वाक्य दोनदा वाचलं. मग तोंडाने माफी मागितली.  मावशी म्हणाल्या, "बाई सांगत होत्या की हो, यंत्र बंद पडतंय म्हणून. मी ऐकलंय." म्हणजे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर खाली निघून गेले. दुपारी त्यांनी बाईंना लॅबमध्येच परत घेतल्याचं पत्र काढलं. चार माणसांनी ऐकल्यावर त्यांना दुसरा इलाज नव्हता. माझं काम गेलं. सुटे भाग देणारी गावातली दोन दुकानंही दुपारपासून फोन उचलत नाहीत.

मी बाईंना कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. माफ केलं म्हणाल्या नाहीत. मीही वाट बघत उभा होतो, असं नाही. म्हणजे, होतो थोडा.

त्यांनी विचारलं, "गवंडीदादांना सांगितलंत का?"

मी नाही म्हणालो. ताई, खरंच माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दवाखाना झाला, बाई झाल्या, की संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

मी म्हटलं, "जातो. पत्ता रजिस्टरमध्ये असेल ना?"

त्या म्हणाल्या, "रजिस्टर कशाला?" आणि पत्ता तोंडपाठ सांगितला. नदीकडचा रस्ता, पिठाच्या गिरणीच्या मागे, तिसरं दार, दाराला हिरवा रंग, बेल वाजत नाही, कडी वाजवायची.

"तुम्ही जाऊन आलात?"

"तीनदा," त्या म्हणाल्या. "माफी मागायला. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही."

हे पत्र गिरणीसमोरच्या बाकावर बसून लिहितोय. समोर पेटी आहे, त्यात टाकतो. हिरवं दार इथून दिसतंय. दार उघडं आहे, आणि तो आत डाव्या हाताने काहीतरी उचलायची खटपट करतोय.

जातो.

खटपट्या